एवढ्या मोठ्या गाडीला कंडक्टर नाही? मुंबईची लोकल, बस आणि मेट्रो चालवणाऱ्यांना एका निवृत्त एसटी वाहकाचं खुलं पत्र

प्रति,
मुंबईतली लोकल, बस आणि मेट्रो ज्यांच्या सहीने चालते त्या सर्व वरिष्ठ अधिकाऱ्यांना,

विषय : नवख्या माणसाला कळतील अशा पाट्या आणि सूचना लावण्याबाबत.

साहेब, नमस्कार.

परभणी जिल्ह्यातल्या एका आगारात मी ३१ वर्षं एसटीचा वाहक होतो. उभ्या नोकरीत किती माणसं चढवली-उतरवली याचा हिशेब नाही. पण मुंबईत पहिल्यांदा पाय ठेवला तो निवृत्तीनंतर, वयाच्या ६१व्या वर्षी, नोव्हेंबर २०२५ मध्ये. हौसेनं आलो नव्हतो. माझी थोरली बहीण, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो, वय ६७. तिच्या मानेजवळ गाठ आली आणि परभणीच्या डॉक्टरांनी परळच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी लिहून दिली. आमच्या भागात ‘टाटाला नेलंय’ एवढं म्हणलं की समोरचा पुढे काही विचारत नाही.

त्या आठ-दहा दिवसांत जे झालं ते मी परत आल्यावर तुमच्यापैकीच एका कार्यालयाला दोन पानं भरून कळवलं. महिन्याभराने तीन ओळींचं उत्तर आलं. मजकूर असा की, प्रवाशांच्या सोयीसाठी सर्व माहिती ॲपवर उपलब्ध आहे, तिचा लाभ घ्यावा. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही. तुमच्यातल्या कोणत्याही टेबलावर तो कागद गेला असता तरी हेच उत्तर आलं असतं, अशी माझी खात्री आहे. म्हणून आता हे पत्र उघडं लिहितो. माझ्यासारखे रोज कल्याणला, ठाण्याला, दादरला उतरतात. त्यांनाही वाचू द्या.

आधीच सांगतो, गर्दीबद्दल माझी तक्रार नाही. आषाढीला पंढरपूरच्या गाड्या मी केल्या आहेत, गर्दी म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये. गाड्या वाढवा, पूल बांधा, हेही मी मागत नाही. ती मोठ्या पैशांची कामं, ती तुमची तुम्हाला ठाऊक. मला बोलायचंय ते रंगाच्या डब्याबद्दल आणि ब्रशबद्दल. आणि थोडं तोंडाबद्दल.

देवगिरी एक्सप्रेसने आम्ही सकाळी कल्याणला उतरलो. पुतण्या डोंबिवलीत राहतो, त्याच्याकडे मुक्काम. पोरगं गुणी आहे, पण नोकरी कारखान्यातली, खाडा केला की पगार कापला जातो. पहिल्या दिवशी त्याने कागदावर लिहून दिलं : डोंबिवलीहून फास्टने दादर, दादरला उतरून स्लो पकडायची, पुढचं स्टेशन परळ. किती सोपं! आमच्याकडे परभणीहून बीडला जाताना माजलगावला गाडी बदलणाऱ्याला मी असंच सांगायचो.

दादरला उतरलो आणि आक्काचा हात धरून पुलावर चढलो. पुलावर माणसं वाहत होती. वरचे फलक बदलत होते; आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी. आपल्याला वाचता येईल ती ओळ परत येईपर्यंत मागच्याचा धक्का बसून आपण चार पावलं पुढे गेलेलो. कशीबशी गाडी गाठली. गाडी सुटली, वेगात आली, आणि परळ नावाची पाटी डोळ्यांदेखत मागे गेली. आम्ही थांबलो ते भायखळ्याला. फास्टमधून उतरून फास्टमध्येच बसलो होतो.

ठीक आहे, चूक माझी. हसून सोडून दिलं. एक काकुळतीला आलेला म्हातारा बघून शेजारचा तरुण म्हणाला, “काका, आजींना लेडीजमध्ये बसवत जा, तिथं जागा मिळते.” चांगल्या मनाने बोलला बिचारा. दुसऱ्या दिवशी तेच केलं आणि तिथेच सगळं बिघडलं.

दुसऱ्या दिवशी आक्काची तपासणी होती, उपाशीपोटी यायला सांगितलेलं. बदलाबदली नको म्हणून डोंबिवलीहूनच धिमी गाडी धरली. ती थेट परळला थांबते, तासाहून जास्त लागला तरी चालेल, असं ठरलं. आक्काला बायकांच्या डब्यात चढवलं, मी बाजूच्या डब्यात. तिला सांगून ठेवलं, दादर गेलं की उठायचं, पुढच्याला उतरायचं. दोन डब्यांच्या मध्ये पत्रा. तासभर ती मला दिसत नाही, मी तिला दिसत नाही. तिच्याकडे फोन नाही. असता तरी त्या कलकलाटात ऐकू आला नसता.

आक्का चौथी शिकलेली. मराठी वाचते, पोथी वाचते, एसटीची पाटी लांबून वाचते. पण तिच्यापुढे उभ्या बायकांची भिंत होती, फलाटावरच्या पाट्या तिला दिसल्या नाहीत. डब्यात सूचना देणारा आवाज त्या दिवशी घुमत होता, घरघरत होता, शब्द कळत नव्हते. हे मी माझ्या डब्यात ऐकलं, तिच्याकडेही तेच असणार. तरी बायकांना विचारत विचारत ती वेळेवर उठली, दाराशी गेली. आणि ज्या दाराशी ती उभी राहिली त्या बाजूला फलाट आलाच नाही.

फलाट आला दुसऱ्या बाजूला. मधे माणसं. तुमची गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही. मी उतरून बायकांच्या डब्याकडे धावलो, तोवर गाडी हलली. आक्काचा चेहरा मला खिडकीच्या जाळीतून दिसला, इतकंच.

साहेब, एकतीस वर्षांत माझ्या गाडीतून एकही म्हातारं माणूस चुकीच्या थांब्यावर गेलं नाही असं मी म्हणणार नाही. दोनदा गेलं. एकदा एका आजोबांना पाथरीऐवजी पुढे नेलं, तर समोरून येणारी गाडी थांबवून, तिच्या वाहकाच्या हाती सोपवून मग मी डबल बेल मारली. परळच्या फलाटावर मी बेल शोधत होतो.

आक्काला करी रोडला उतरवलं ते डब्यातल्या बायकांनी. त्यातली एक तिच्यासोबत उतरली. आक्काच्या बटव्यात मी माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली होती, ही माझ्या धंद्याची सवय. त्या बाईने फोन लावला, पाणी पाजायला निघाली तर आक्का म्हणाली, उपाशीपोटी राहायचंय. मी पुढच्या गाडीने पोहोचेपर्यंत ती बाई बाकड्यावर बसून होती. तिच्या कामावर उशिराचा शेरा लागला असणार. नाव विचारलं तर हसून गाडीत चढली. मुंबईच्या माणसाबद्दल गावाकडे काहीबाही बोलतात, मी आता बोलू देत नाही.

आक्का बाकड्यावरून उठली आणि मला म्हणाली, “अरे, एवढ्या मोठ्या गाडीला कंडक्टर नाही?”

त्या दिवशी तपासणीचा नंबर हुकला. रुग्णालयाचा काही दोष नाही. त्यांच्या दाराशी सगळ्या महाराष्ट्रातून आणि बाहेरून माणसं आलेली असतात, ते किती जणांसाठी थांबतील? पण पुढची तारीख मिळेपर्यंतचे दिवस डोंबिवलीच्या दोन खोल्यांत कसे गेले ते आम्हाला माहीत.

त्या दिवसांत मी दुसरं काही केलं नाही. स्टेशनांवर फिरलो आणि बघत राहिलो. वाहकाच्या नजरेने बघितलं. जे दिसलं ते सांगतो.

एक. तुमच्या गाड्यांची भाषा. पुतण्या एकदा सोबत होता. समोरून गाडी आली, कपाळावर ‘एन’. मी म्हणलं, हे काय? म्हणाला, “काका, एन म्हणजे कसारा.” कसाऱ्यात एन कुठून आला? मागून दुसरी, तिच्यावर ‘एस’. मी शहाणपणा केला, म्हणलं ही स्लो. “नाही काका, एस म्हणजे कर्जत.” नंतर कळलं की कल्याणपासून एक फाटा उत्तर-पूर्वेला जातो, दुसरा दक्षिण-पूर्वेला, त्या इंग्रजी दिशांची ही पहिली अक्षरं. इंग्रजांच्या काळच्या कारकुनाच्या सोयीची खूण अजून म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या डोक्यावर! आमच्या लाल गाडीच्या कपाळावर पाटी असते : ‘परभणी–बीड, मार्गे मानवत, पाथरी, माजलगाव’. जो वाचू शकतो त्याला कळतं, जो वाचू शकत नाही त्याला वाहक ओरडून सांगतो. अक्षरांचं कोडं आम्ही कुणाला घालत नाही.

दोन. नावं आणि नंबर. हा विषय मोठा आहे, थोडा सैल सोडतो. आमच्या गावचा एकजण २०२२ साली त्याच्या बापाला टाटाला घेऊन आला होता. त्याने मला निघताना चिठ्ठी दिली, जपून ठेवलेली, घड्या पडलेली. तीत होतं : ‘परतताना दादर, फलाट १’. रुग्णालयातून आम्ही टॅक्सीने दादरला आलो आणि एक नंबर शोधत गेलो तर पोहोचलो पश्चिम रेल्वेवर. तिथून डोंबिवलीला गाडी जन्मात मिळणार नाही. चौकशीत कळलं, ९ डिसेंबर २०२३ पासून दादरचे नंबर बदललेत. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले, मध्यचा जुना एक आता आठ झाला, आणि तिथून चौदापर्यंत. बदल चांगलाच आहे. एका स्टेशनात दोन ‘एक नंबर’ असणं हाच मुळात घोळ होता, तो मिटवला. पण मग ‘जुना १ = नवा ८’ एवढी एक ओळ पुलाच्या तोंडाशी दहा वर्षं राहू दिली तर काय बिघडतं? रोजच्या माणसाला ती आठ दिवस पुरली असेल. आम्ही तीन वर्षांतून एकदा येतो. आमच्या चिठ्ठ्या जुन्या असतात.

तीच गत परळची. परळ मध्य रेल्वेवर, लोअर परळ पश्चिम रेल्वेवर. परळला पुलाने चिकटलेलं स्टेशन प्रभादेवी, जे २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होतं आणि निम्मी मुंबई अजून त्याला एल्फिन्स्टनच म्हणते. त्याच पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्या बाजूचा जुना गाडीपूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला, त्यामुळे पुलावरून सांगितलेले सगळे रस्ते चुकीचे ठरले. आणि मुंबई सेंट्रल नावाचं स्टेशन सेंट्रल रेल्वेवर नाहीच, ते पश्चिमेवर आहे! हे मला चहाच्या टपरीवर एकाने सांगितलं तेव्हा मला वाटलं तो माझी फिरकी घेतोय. नावं बदला म्हणत नाही, नावांना इतिहास असतो. पण ‘टाटा, केईएम रुग्णालयांसाठी परळ येथे उतरा’ अशी पाटी दादरच्या पुलावर लावायला इतिहास आडवा येत नाही.

तीन. दिव्यांगांचा डबा. हे लिहिताना मला राग येतो, म्हणून आवरतं घेतो. दादरला गाडगेबाबांची धर्मशाळा आहे, टाटाचे रुग्ण तिथे उतरतात. तिथे उतरलेला बीडचा एक माणूस मला रुग्णालयाबाहेर भेटला. त्याच्या बायकोचं तेच दुखणं. तो म्हणाला, “तुम्ही आक्कांना जनरलमध्ये कशाला रगडता? कॅन्सरच्या पेशंटला अपंगांच्या डब्यात बसता येतं. गरोदर बाईलाही येतं. कागद जवळ ठेवायचा.” मला खरं वाटेना. मी जाऊन विचारलं, तर खरं. नियम आहे, चांगला नियम आहे. पण त्या डब्याच्या बाहेर मला दिसली ती चाकाच्या खुर्चीची खूण. आक्का दोन पायांवर चालते, ती त्या खुणेकडे बघून म्हणेल का की हा डबा माझा? ज्या दिवशी ती करी रोडपर्यंत वाहत गेली, त्या दिवशी आम्ही दोघं एका डब्यात बसू शकलो असतो का, हे विचारायचंसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. सवलत द्यायची आणि सांगायची नाही, याला आमच्या एसटीत ‘तिकीट कापायचं आणि हातात द्यायचं नाही’ असं म्हणतात.

चार. पहिल्या वर्गाचा डबा. दमलेल्या आक्काला घेऊन मी एका संध्याकाळी समोर आला त्या डब्यात चढलो. तो पहिला वर्ग निघाला. २५० रुपये दंड आणि वर भाड्यातला फरक. दंडाबद्दल एक अक्षर बोलत नाही. मी स्वतः विनातिकिटांकडून वसूल केलेला माणूस आहे, तपासनीसाने त्याचं काम केलं, आणि रीतीने केलं. बाहेर तिरके पट्टे असतात म्हणे. असतील. पट्ट्यांचा अर्थ कुठे लिहिलेला मला दिसला नाही.

पाच. बस आणि रिक्षा. बसच्या कपाळावर मराठी आकडे बघून जीव हरखला, हे मुद्दाम नोंदवतो. ते तेवढं कधीही काढू नका. आकड्याआधी ‘ए’ आला की गाडी थंड हवेची आणि भाडं जास्त, हे मात्र आत चढून पैसे देताना कळलं. आम्ही ज्या थांब्यावर पाऊण तास उभे होतो त्याच्या छपरावर साबणाची जाहिरात होती, बाजूला मोबाइलची जाहिरात होती, आणि कोणती बस कुठे जाते याचा कागद नव्हता. कंटाळून मी म्हणलं रिक्षा करू. जवळचे दोघं हसले. मुंबईत वांद्र्याच्या आणि शीवच्या अलीकडे, म्हणजे दक्षिणेला, रिक्षाला परवानगीच नाही, टॅक्सीच घ्यावी लागते. सगळ्या महाराष्ट्रात माणूस स्टेशनातून बाहेर पडून रिक्षा शोधतो. इथे ती नाही, हे सांगणारी एक पाटी दादरला असू नये?

आता जे चांगलं बघितलं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा नुसता कुरकुरतो.

रविवारी पुतण्याला सुट्टी होती. आक्काला सिद्धिविनायकाचं दर्शन घ्यायचं होतं आणि जमिनीखालची गाडीही बघायची होती. दादरहून एकच स्टेशन, चालत गेलो असतो तरी चाललं असतं, पण गेलो मेट्रोने. ही तुमची नवी मार्गिका, आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झालेली. रेल्वेच्या दादरहून मेट्रोच्या दादरला पोहोचायला तीन जणांना विचारावं लागलं, ते जाऊ द्या. आत गेलो आणि मी वाहक म्हणून जागा झालो. दाराच्या वर स्टेशनांची ओळ. आवाज स्वच्छ. पुढचं स्टेशन कोणतं ते सांगितलं, आणि त्याच्या मागोमाग दरवाजे कोणत्या बाजूला उघडतील ते सांगितलं.

आक्काने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “हिच्यात आहे कंडक्टर.”

म्हणजे येतं तुम्हाला, साहेब! त्याच शहरात, एका मंडळींना येतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर गाडी धावली, ३ फेब्रुवारी १९२५ ला विजेची गाडी आली, तिलाही शंभर वर्षं होऊन गेली. शंभर वर्षं मुंबईचा माणूस शेजारच्याला विचारत आलाय, “कुठल्या साइडला येणार?” आणि शेजारचा सांगत आलाय. तुमची ही सगळी व्यवस्था पाट्यांवर नाही, प्रवाशांच्या डोक्यात लिहिलेली आहे. कोणत्या डब्याजवळ पूल येतो, कोणती गाडी कुठे थांबत नाही, रविवारी मेगाब्लॉकला काय करायचं, सगळं तोंडपाठ. त्यांना पाठ आहे म्हणून तुमचं चालून जातं. आम्हाला पाठ नाही.

आणि ॲपबद्दल. तुमच्या उत्तरात होतं म्हणून पुतण्याच्या फोनवर बघितलं. अकरा वाहतूक संस्थांची तिकिटं एकाच ठिकाणी मिळतात, मोठं काम केलंत, खोटं कशाला बोलू. तरुण पोरांचे कितीतरी फेरे वाचतील. पण माझ्याकडे बटणांचा फोन आहे, आक्काकडे तोही नाही, आणि दादरच्या पुलावर ज्याच्या एका हातात रिपोर्टांची पिशवी आणि दुसऱ्या हातात बहिणीचा हात आहे त्याने ॲप कोणत्या हाताने उघडायचं? एसटीतही आता ऑनलाइन आरक्षण होतं. म्हणून आम्ही स्थानकातली चौकशीची खिडकी बंद नाही केली.

माझ्या मागण्या अशा :

१. लोकलच्या डब्यात पुढच्या स्टेशनाच्या नावासोबत फलाट कोणत्या बाजूला येणार ते प्रत्येक वेळी सांगा. ध्वनिवर्धक बिघडलेला डबा दुरुस्तीशिवाय सोडू नका. एवढी एकच मागणी मान्य केलीत आणि बाकीचं पत्र फाडलंत तरी माझी हरकत नाही.

२. दिव्यांगांच्या डब्याबाहेर आणि आत, खुणेशेजारी मोठ्या मराठी अक्षरांत लिहा : ‘कर्करोगाचे रुग्ण आणि गरोदर महिला यांनाही या डब्यातून प्रवासाची मुभा आहे. कागदपत्र जवळ ठेवावे.’ हीच ओळ दादर, परळ, कल्याण, ठाणे इथल्या तिकीट खिडक्यांवर लावा. रुग्णासोबत एका माणसाला चढता येतं की नाही, तेही स्पष्ट लिहा.

३. गाडीच्या कपाळावर अक्षरांऐवजी गावाचं पूर्ण नाव, देवनागरीत. आणि ‘जलद’, ‘धिमी’ हे पूर्ण शब्द.

४. दादरच्या पुलांवर जुन्या-नव्या फलाटांचा तक्ता, आणि टाटा व केईएम रुग्णालयांसाठी बाण. रंग लागेल दोन डबे.

५. कल्याण, ठाणे, दादर आणि सीएसएमटी इथे बाहेरगावच्या गाड्या सकाळी येतात त्या वेळेत चौकशीला माणूस बसवा. खिडकीत नको, फलाटावर हवा, डोळ्यांत भरेल असा सदरा घातलेला. निवृत्त माणसं मिळतील. मला विचाराल तर एसटीचे निवृत्त वाहक घ्या. सकाळचे चार तास बोलणं आम्हाला औषधासारखं लागेल.

६. बसथांब्यावर जाहिरातीएवढ्याच उंचीवर मार्गांचा फलक. आणि दक्षिण मुंबईत रिक्षा नाही, ही पाटी.

यातल्या कोणत्या मागणीला कोणत्या खात्याची मंजुरी लागते, ते मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची इच्छा नाही. बस एकाची, लोकल दुसऱ्याची, मेट्रो तिसऱ्याची, पूल चौथ्याचा, हे तुमचं आपसातलं. आमच्याकडे विनंती थांबा असतो. माणूस हात करतो, गाडी थांबते. त्याला कोणी विचारत नाही की ही डांबरी सडक जिल्हा परिषदेची की बांधकाम खात्याची.

मागच्या वेळी उत्तर तीन ओळींचं आलं होतं. या वेळी एक ओळ चालेल, फक्त तीत तारीख असू द्या. कोणती पाटी कोणत्या दिवशी लागणार, एवढंच.

आक्काची तब्येत सध्या बरी आहे. औषधं लागू पडताहेत असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या तपासणीला आम्हाला पुन्हा यायचंय, पुन्हा देवगिरीने, पुन्हा कल्याणला. आक्काने या वेळी स्वतःच विचारून ठेवलंय की परळला फलाट कोणत्या बाजूला येतो. मी पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, “काका, नक्की आठवत नाही, चढल्यावर कोणालातरी विचारा.”

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
जिल्हा परभणी